साक्षीदार आधी झोपतात

तक्रार एका ओळीची होती. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडला की कधी कधी तो जागा होत नाही. वीज चालू असल्याचा दिवा लागतो, पंखा क्षणभर फिरतो आणि पडदा काळाच राहतो. चूक दाखवणारा संदेश नाही, लॉगमध्ये काही नाही, बटण दाबून धरून मशीन बंद करण्यावाचून दुसरा मार्ग नाही. या ओळीतले सर्वांत महत्त्वाचे शब्द कोणते असे कुणी विचारले, तर मी ‘कधी कधी’ हे दोन दाखवीन. दर वेळी बिघडणारी गोष्ट दुपारपर्यंत सापडते. कधी कधी बिघडणारी गोष्ट मात्र आठवडेच्या आठवडे गिळते, आणि मधल्या काळात ती दुरुस्त झाल्याचा भास दोन-तीनदा तरी करून देते.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, उपकरणांना झोपवणारा आणि जागे करणारा जो भाग आहे, त्यातल्या चुका शोधणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे. ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटते. झोपणे आणि उठणे यात चुकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, आणि त्याचे थोडक्यात उत्तर देणे मला अजून जमलेले नाही.

झाकण मिटल्यावर आत जे घडते ते बाहेरून एका क्षणाचे काम दिसते. प्रत्यक्षात कर्नल आधी वापरकर्त्याच्या सगळ्या प्रक्रिया जागच्या जागी गोठवतो. मग उपकरणांची पाळी येते, आणि तिथे क्रम ठरलेला असतो: मुलाने आधी झोपायचे, पालकाने नंतर. पेन ड्राइव्ह झोपल्याशिवाय त्याचा यूएसबी कंट्रोलर झोपू शकत नाही, आणि कंट्रोलर झोपल्याशिवाय तो ज्या बसवर, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक मार्गावर, बसला आहे ती बस झोपू शकत नाही. शिवाय हे सगळे एका फेरीत होत नाही. तयारीची एक फेरी, मुख्य फेरी, उशिराची फेरी आणि इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारायच्या हाका, बंद केल्यानंतरची शेवटची फेरी, अशा चार वेळा कर्नल उपकरणांच्या यादीवरून हात फिरवतो. त्यानंतर एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात आणि उरलेला एकटा प्रोसेसर मशीन फर्मवेअरच्या, म्हणजे निर्मात्याने त्यात बसवून दिलेल्या मूळ कार्यक्रमाच्या, हवाली करतो. जिवंत राहते ती फक्त मेमरी. उठताना हेच सारे उलट्या क्रमाने.

आता या क्रमात साक्षीदार कुठे आहेत ते पाहावे. लॉग ज्या डिस्कवर लिहायचा ती डिस्क झोपली. संदेश जिथे दिसायचे तो पडदा झोपला. दुसऱ्या मशीनला काही कळवावे तर नेटवर्कचे कार्ड झोपले. कर्नलचे संदेश मेमरीत साठत राहतात हे खरे, पण मशीन अडकल्यावर बटण दाबून ते बंद करावे लागते आणि मेमरीतले सगळे त्याबरोबर जाते. नेमकी चूक घडते तेव्हा ती पाहणारे कुणी जागे नसते. या क्षेत्रातल्या बगचे मोठे वैशिष्ट्य हेच, आणि या कामाचा बराचसा भाग म्हणजे झोपलेल्या मशीनमध्ये एखादा जागा राहणारा साक्षीदार शोधणे.

पूर्वी ही जबाबदारी कर्नलवर फारशी नव्हती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एपीएम ही वीज वाचवण्याची पद्धत आणली, तेव्हा झोपवण्याचे बहुतेक काम बायोसच, म्हणजे पीसीचे फर्मवेअरच, करीत असे आणि ऑपरेटिंग सिस्टीम नुसती विनंती करीत असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे तिच्या जागी येणारे मानक जाहीर केले आणि हे ओझे ऑपरेटिंग सिस्टीमच्या खांद्यावर आले. फर्मवेअर आता एक तक्ता देते, त्यात छोटे छोटे कार्यक्रम असतात आणि कर्नल ते वाचून चालवतो. हे तक्ते बहुतेक वेळा विंडोजवर तपासलेले असतात, म्हणून फर्मवेअरने ‘तू विंडोज आहेस का’ असे विचारले की लिनक्स हो म्हणतो, आणि ‘तू लिनक्स आहेस का’ असे विचारले की नाही म्हणतो. खरे बोलून पाहण्याचा प्रयोग झाला होता; लिनक्ससाठी म्हणून लिहिलेल्या वाटा कुणी नीट तपासत नाही, हे त्यातून कळले. त्यामुळे लॅपटॉप उठला नाही की पहिला संशय फर्मवेअरवर घ्यायची आम्हा लोकांना सवय असते. सवय सोयीची आहे, कारण फर्मवेअर दुसऱ्याचे असते. नेहमी खरी असतेच असे नाही.

त्या लॅपटॉपच्या बाबतीत ती खरी नव्हती, आणि हे कळायला अर्धा दिवस पुरला. कर्नलमध्ये ‘पीएम टेस्ट’ नावाची एक छोटी फाइल आहे. तिच्यात एक शब्द लिहिला की झोपेची कवायत ठरावीक पायरीपर्यंतच जाते, तिथे पाच सेकंद थांबते आणि परत फिरते. ‘फ्रीझर’ लिहिले तर फक्त प्रक्रिया गोठतात. ‘डिव्हाइसेस’ लिहिले तर उपकरणे मुख्य फेरीपर्यंत झोपतात. ‘प्लॅटफॉर्म’ लिहिले तर इंटरप्ट बंद झाल्यानंतरची फेरीही होते. पहिल्या दोन पायऱ्यांवर मी शंभर शंभर वेळा मशीन नेऊन आणले आणि ते प्रत्येक वेळी हसतमुखाने परतले. तिसऱ्या पायरीवर सदतिसाव्या फेरीत ते अडकले. मशीन अजून फर्मवेअरच्या हाती गेलेलेच नव्हते. म्हणजे चूक आमच्याच घरातली होती, आणि शेवटच्या फेऱ्यांच्या आसपासची होती.

पण कुणाची? यादीत दीडशेच्या वर उपकरणे होती.

इथे मला त्या साधनाविषयी लिहायला हवे, ज्याच्याइतकी विक्षिप्त आणि तरीही प्रामाणिक कल्पना मी या कर्नलमध्ये दुसरी पाहिलेली नाही. सक्तीने बंद करून पुन्हा चालू केलेल्या पीसीमध्ये, आधीच्या क्षणाची आठवण भरवशाने कोण ठेवते? मेमरी नाही. घड्याळाच्या चिपमध्ये थोडी राखीव जागा असते, पण सुरू होताना बायोस ती पुसून टाकण्याची शक्यता असते. उरते ते एकच: घड्याळाची वेळ. बॅटरीवर चालणारे ते लहानसे घड्याळ मशीनचे काहीही झाले तरी टिकटिकत राहते, आणि बायोस त्याला हात लावत नाही. २००६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी असे केले की जागे होताना प्रत्येक टप्प्यावर ‘आता मी इथे आहे’ ही खूण तारीख आणि वेळ यांच्या रूपात त्या घड्याळातच लिहायची. मशीन अडकले की ते बंद करून पुन्हा सुरू करावे. सुरू होताना कर्नल घड्याळ वाचतो आणि ती तारीख खरे तर कोणती खूण आहे ते उलगडून सांगतो.

यातला हिशेब मला फार आवडतो. सेकंद वापरता येत नाहीत, कारण अडकणे आणि पुन्हा सुरू होणे यांमध्ये ते पुढे सरकतात. मिनिटेही तीन-तीनच्या पटीतच घ्यावी लागतात, म्हणजे तासात वीसच नोंदी, आणि मशीन तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू झाले पाहिजे. दिवस १ ते २८ एवढेच, कारण २९ तारीख प्रत्येक महिन्यात असतेच असे नाही, आणि अवैध तारीख दिसली तर बायोस काय करील याचा नेम नाही. वर्षे शंभर, महिने बारा, दिवस अठ्ठावीस, तास चोवीस आणि मिनिटांच्या वीस नोंदी. गुणाकार करावा तर १,६१,२८,००० एवढे आकडे होतात. एवढ्याशा जागेत तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत: एक लहान क्रमांक, स्रोतातल्या फाइलची आणि ओळीची खूण, जी ९९७ पर्यंतच्या एका संख्येत बसवली आहे, आणि उपकरणाच्या नावाची खूण, जी १००९ पर्यंतच्या संख्येत बसवली आहे. मशीनच्या आठवणीत तुमच्यासाठी एवढीच जागा आहे, असे कुणी सांगितल्यावर माणूस काय जपून ठेवील, त्याचा हा नमुना.

मी ते चालू केले, अडकण्याची वाट पाहिली, मशीन बंद करून लगेच सुरू केले. घड्याळात तारीख आली १७ मे २०४१. कर्नलने ती उलगडून एका ध्वनी उपकरणाचे नाव सांगितले. मी दोन दिवस त्या ध्वनी उपकरणाच्या ड्रायव्हरची, म्हणजे कर्नलमधल्या ते उपकरण चालवणाऱ्या भागाची, ओळ न् ओळ वाचली. त्यात काहीही चूक नव्हती.

हे दोन दिवस वाया गेले असे मी तेव्हा म्हणत होते. आता तसे म्हणत नाही, कारण त्या दोन दिवसांत माझ्या वाचनातली एक जुनी खोड मला दिसली. घड्याळातली खूण ‘शेवटी कोण बोलले’ एवढेच सांगते. ‘कुणी मारले’ हे ती सांगत नाही. ध्वनी उपकरणाने आपली हजेरी लावली आणि त्यानंतर लगेच कुठेतरी मशीन कोसळले, एवढाच त्या तारखेचा अर्थ होता. मी मात्र शेवटचा दिसलेला माणूस म्हणून त्यालाच पकडून बसले होते. पोलिसी कथांत हे नेहमी होते आणि आपण वाचताना हसतो.

मग मी प्रश्न बदलला. ध्वनी उपकरणाची हजेरी त्या फेरीत अगदी शेवटची होती. त्यानंतर पुढचे काय घडायचे होते? पुढचे काम एकच: झोपताना बंद केलेले इंटरप्ट पुन्हा उघडणे. दार उघडताच कुणीतरी आत शिरले असणार. मशीनच्या इंटरप्टच्या तक्त्यात पाहिले तेव्हा वायरलेस नेटवर्कचे कार्ड आणि एक यूएसबी कंट्रोलर इंटरप्टच्या एकाच रेषेवर शेजारी शेजारी दिसले. आजकाल प्रत्येक उपकरणाला आपापला स्वतंत्र इंटरप्ट मिळतो, पण या कार्डाची ती सोय भरवशाची नसल्याने त्याचा ड्रायव्हर जुन्या पद्धतीची सामाईक रेष वापरीत होता. सामाईक रेषेचा नियम चाळीतल्या दाराच्या घंटेसारखा असतो: घंटा वाजली की मजल्यावरच्या प्रत्येकाने डोकावून विचारायचे, ‘माझ्याकडे कुणी आले आहे का?’

यूएसबी कंट्रोलर लवकर उठला आणि त्याने घंटा वाजवली. नेटवर्कच्या ड्रायव्हरने नियमाप्रमाणे आपल्या कार्डाला विचारले. कार्ड अजून पुरते उठलेले नव्हते. पीसीआय बसवर उत्तर न देणाऱ्या उपकरणाकडून काही वाचू गेले तर सहसा चूक येत नाही. सगळेच्या सगळे बिट १ असलेला आकडा येतो. ड्रायव्हरला त्या ३२ बिटांत दिसले ते असे: होय, इंटरप्ट माझाच आहे, होय, पॅकेट आले आहे, होय, पॅकेट गेले आहे, होय, चूक झाली आहे, सगळे एकाच वेळी होय. मग त्याने कार्डाच्या पुढच्या रजिस्टरमधून, म्हणजे आकडे ठेवण्याच्या छोट्या कप्प्यातून, किती पॅकेटे आली ते वाचले. उत्तर आले ४,२९,४९,६७,२९५. ड्रायव्हरने कसलीही शंका न घेता ती मोजायला सुरुवात केली, आणि आपल्या वाट्याच्या मेमरीच्या पलीकडे चालत जाऊन जे हाती लागेल ते पॅकेट म्हणून उलगडू लागला. त्यानंतर जे झाले ते पडदा झोपलेला असल्यामुळे कुणाला दिसले नाही.

आणि ‘कधी कधी’ का, तेही इथेच कळले. शेजाऱ्याने त्या अडनिड्या काही मिलिसेकंदांतच घंटा वाजवली तर मशीन मरणार. नाही वाजवली, किंवा दुसरे एखादे रेंगाळणारे उपकरण फेरी लांबवीत राहिले, तर कार्डाला उठायला वेळ मिळणार आणि सगळे सुरळीत होणार.

आता हे सिद्ध करायचे होते. लॅपटॉपमधले कार्ड काढून मी ते एका जुन्या डेस्कटॉपमध्ये बसवले, कारण त्याला सिरियल पोर्ट, म्हणजे एकेक बिट बाहेर पाठवणारी जुन्या पद्धतीची जोडणी, होता. झोपेतही कन्सोल, म्हणजे संदेश बाहेर टाकण्याची वाट, बंद करू नको असे कर्नलला सांगता येते, आणि सिरियल पोर्ट हा त्या काळोखातला सर्वांत भरवशाचा साक्षीदार असतो. नशिबाने तिथेही एक यूएसबी कंट्रोलर त्याच रेषेवर निघाला. बिघाड आला. मी ड्रायव्हरच्या जागे होण्याच्या पहिल्या टप्प्यात, काय चालले आहे ते सांगणारी एक ओळ छापायला लावली. बिघाड गेला. ओळ काढली, बिघाड परत आला. ओळ पुन्हा घातली, पुन्हा गेला.

या कामात असलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे आणि प्रत्येकाला त्या क्षणी एकदा तरी वाटले आहे की ओळ तशीच ठेवून घरी जावे. पण ओळीने बिघाड जातो याचा अर्थ ओळ काहीतरी करते आहे, आणि ती काय करते ते मोजता येते. सिरियल पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात. म्हणजे ८० अक्षरांची ओळ छापायला सुमारे ७ मिलिसेकंद जातात, आणि तेवढा वेळ प्रोसेसर तिथेच खोळंबतो. इकडे पीसीआयचा नियम सांगतो की डी-३ या गाढ झोपेतून डी-० या जागृत अवस्थेत येणाऱ्या उपकरणाला १० मिलिसेकंद द्यावेत. तोवर त्याला हात लावू नये. कर्नल ते १० मिलिसेकंद इमानाने देत होता. कार्डाला बहुधा थोडे जास्त हवे होते.

मग मी संदेशाची लांबी कमी-जास्त करून पाहिली. वीस अक्षरांची ओळ म्हणजे सुमारे पावणेदोन मिलिसेकंद: बिघाड कायम. साठ अक्षरांची ओळ म्हणजे सुमारे सव्वापाच मिलिसेकंद: बिघाड नाही. चाळीस अक्षरांवर तो अधूनमधून येई. त्या दुपारी मी एका कार्डाची झोप अक्षरशः अक्षरांनी मोजली. काय छापते आहे याला काही अर्थ उरला नव्हता. शेवटी शेवटी मी नुसते टिंबांचे शेपूट वाढवीत होते. कर्नलचे १० धरून हिशेब साडेतेरा मिलिसेकंदांच्या आसपास येऊन थांबला.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असे आपण म्हणतो. या कार्डाचे सोंग त्याच्या उलट होते. मी त्याचे वीजस्थितीचे रजिस्टर वाचले तेव्हा त्यात डी-० असे स्वच्छ लिहिलेले होते. कर्नलने विचारले, उठलास का. कार्डाने डोळे मिटूनच हो म्हटले. बसशी बोलणारा त्याचा दर्शनी भाग उठलेला होता, आतला कामाचा भाग अजून अंथरुणातच होता. उपकरण जे सांगते ते खरे मानावे की नाही, हा या क्षेत्रातला रोजचा प्रश्न आहे, आणि मला वाटते त्याबाबतीत कर्नलचा स्वभाव माणसासारखाच अनुभवाने बनत गेला आहे. यूएसबी उपकरण काही काळ वापरात नसेल तर त्याला आपोआप झोपवण्याची सोय त्यात आहे आणि तिची ठरलेली मुदत दोन सेकंद आहे. पण ही सोय पहिल्यापासून चालू असते ती हबसाठी. बाकीच्यांपैकी बरीच उपकरणे झोपली की नीट उठत नाहीत, म्हणून त्यांना वापरकर्त्याने सांगितल्याशिवाय कुणी झोपवत नाही.

दुरुस्ती दोन भागांची झाली. पहिला भाग ड्रायव्हरमध्ये: सगळे बिट १ दिसले तर ‘इंटरप्ट माझा नाही’ असे सांगून गुमान परत फिरावे. दुसरा भाग पीसीआयच्या अपवादांच्या यादीत: या ओळख क्रमांकाचे कार्ड असेल तर १० ऐवजी २० मिलिसेकंद थांबावे. दोन्ही मिळून पंधरा-वीस ओळी. त्याबरोबरचे स्पष्टीकरण मात्र दुरुस्तीपेक्षा मोठे होते, आणि ते तसेच असावे असे माझे ठाम मत आहे. पाच वर्षांनी कुणीतरी ते २० पाहील आणि ते उगाच आहे असे समजून काढू पाहील. त्या माणसाशी बोलायला मी तिथे नसेन, ते स्पष्टीकरण असेल.

दुरुस्ती तपासणाऱ्या समीक्षकाने एकच प्रश्न विचारला: २० का, १५ का नाही? प्रश्न रास्त होता. चिपच्या माहितीपत्रकात या बाबतीत अक्षरही नव्हते. माझ्याकडे होते ते टिंबांच्या शेपटावरून काढलेले साडेतेरा, तेही एका कार्डाचे, एका खोलीच्या तापमानाला. मी तसेच लिहिले. त्याच यादीत दुसऱ्या काही उपकरणांसाठीही २० हाच आकडा आहे, हेही लिहिले. आपला आकडा मोजून काढलेला आहे की अंदाजाचा आहे, हे सांगताना संकोच वाटतो खरा, पण अंदाज मोजमापाच्या वेषात कर्नलमध्ये शिरला की तो दहा-दहा वर्षे निघत नाही.

मग चाचणी. कार्ड परत बसवून आता लॅपटॉपला घड्याळाच्या गजराने दर वेळी पंधरा सेकंदांनी उठवायचे आणि पुन्हा झोपवायचे, असे एक हजार वेळा. झोपणे, उठणे, नेटवर्क सापडले का ते पाहणे, सगळे धरून एका फेरीला सुमारे पंचवीस सेकंद. म्हणजे सात तासांची रात्र. मशीन कोपऱ्यात ठेवले आणि दिवा मंदावतो, उजळतो, मंदावतो असा पाहत मी शेजारच्या मशीनवर दुसरी तक्रार उघडली.

ती नेमकी उलटी होती. तिथले उपकरण झोपतच नव्हते. मशीन चालू असतानाच, वापरात नसलेल्या एकेका उपकरणाला झोपवण्याची व्यवस्था कर्नलमध्ये डिसेंबर २००९ च्या २.६.३२ या आवृत्तीत आली. कर्नलचे विकासक राफाएल वायसोकी यांचे ते काम. त्या व्यवस्थेचा गाभा म्हणजे एक साधी मोजणी. उपकरण हवे असेल त्याने आकडा एकने वाढवायचा, काम झाले की एकने कमी करायचा, आणि आकडा शून्यावर आला की उपकरण झोपेल. कुणी वाढवून कमी करायला विसरला तर उपकरण कायमचे जागे. कुणी दोनदा कमी केला तर ते दुसऱ्याच्या कामाच्या मध्येच झोपणार. मोबाइलच्या चिपमध्ये हे दुसरे फार वाईट, कारण क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारा संकेत, बंद असलेल्या भागाचे रजिस्टर वाचायला गेलेला प्रोसेसर कधी अपवाद उठवतो आणि कधी उत्तराची वाट पाहत तिथेच कायमचा उभा राहतो.

विसरणारे लोक निष्काळजी असतात असे मात्र मी म्हणणार नाही. आकडा वाढवून उपकरणाला उठवणारे जे मूळ फंक्शन आहे, ते उठवण्यात अपयशी ठरले तरी आकडा वाढवून ठेवते. वाचणाऱ्याची स्वाभाविक समजूत अशी की अपयश म्हणजे काहीच घडले नाही. तो चूक पाहून परत फिरतो आणि आकडा तसाच वर राहतो. दस्तऐवजात हे लिहिलेले आहे. पण दस्तऐवजात लिहिले आहे आणि तरीही वर्षानुवर्षे सगळे तिथेच ठेचकाळतात, तेव्हा दगड हलवायला हवा. अपयश आले तर आकडा आपणहून परत खाली आणणारे नवे फंक्शन २०२० च्या शेवटी आले. त्यानंतर जुन्या जागा बदलणाऱ्या पॅचांचा, म्हणजे छोट्या छोट्या बदलांचा, ढीग लागला, आणि त्या गर्दीत, आधी बरोबर असलेली एखादी जागा नव्याने बिघडवणारे पॅचही होते. माझ्यासमोरची चूक त्याच जातीची होती. स्पर्शपडद्याच्या ड्रायव्हरमध्ये एका अपयशाच्या वाटेवर उतरवायचा आकडा राहून गेला होता. उपकरणाच्या फोल्डरमध्ये ते किती मिलिसेकंद झोपले याची नोंद असते. मी ती दर मिनिटाला वाचत होते आणि ती शून्यावरून हलत नव्हती.

असल्या बगची तक्रार क्वचित येते. उठत नाही म्हणून माणूस ओरडतो. झोपत नाही म्हणून ओरडत नाही, बॅटरी जुनी झाली असेल असे म्हणून सोडून देतो. पण २०१३ पासून, ३.९ या आवृत्तीपासून, कर्नलमध्ये झोपेचा आणखी एक प्रकार आहे ज्यात मशीन फर्मवेअरच्या हवाली होतच नाही, सगळे नुसते शांत होऊन बसते, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांत एवढीच झोप उरली आहे. तिथे एक जागे उपकरण संपूर्ण चिपला खोल झोपेपासून अडवू शकते. झाकण मिटलेले, दिवा मंद, आणि सकाळी बॅटरी निम्मी. अशा मशीनवर विसरलेला एक आकडा रात्रभर खर्च होत राहतो.

स्पर्शपडद्याची दुरुस्ती पाच ओळींची होती. ती लिहून झाली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात. कोपऱ्यातला लॅपटॉप ८१२ व्या फेरीत होता. मी मधे दोनदा दचकून पाहिले, कारण दोनदा दिवा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मंद राहिल्यासारखा वाटला. दोन्ही वेळा तो माझाच अंदाज होता. साडेपाचच्या सुमारास हजार पुरे झाले. कार्ड प्रत्येक वेळी सापडले होते. मी लगेच झाकण मिटले आणि हाताने उघडले, हजार फेऱ्यांवर विश्वास नसल्यासारखे, आणि मग आणखी एकदा.

त्या रात्रीची टिपणे मी लॅपटॉपवरच ठेवली होती. चाचणीच्या जरा आधी घड्याळातल्या खुणेचा प्रयोग मी आणखी एकदा करून पाहिला होता आणि घड्याळ परत लावायला विसरले होते. आणि चाचणीच्या त्या मशीनमध्ये नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय मीच काढून टाकलेली होती. त्यामुळे टिपणांच्या फाइलवर २०६८ सालातली एक तारीख आहे, जी तारीख नाहीच, कोणत्यातरी फाइलचे आणि कोणत्यातरी उपकरणाचे नाव आहे. फाइली नव्यापासून जुन्याकडे लावल्या की ती आजही सर्वांत वर येते.